सहा जणांचं बुकिंग

वणीतल्या त्या बारचे मला अजून मेसेज येतात. दारातच नंबर घेतला होता त्यांनी. ‘तुमचा अनुभव कसा होता?’ असं विचारतात आणि खाली पाच चांदण्या देतात. मी एकही दाबत नाही. माझा अनुभव चांदण्यांत बसणारा नाही आणि तो त्यांना खरोखर ऐकायचाही नाही. पण मला सांगायचा आहे, नाहीतर असाच पोटात खदखदत राहील.

आम्ही मारेगावचे. ह्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलगी एकुलती एक, जनावरांची डॉक्टर, नोकरी राळेगाव तालुक्यात, रोज घरून जाऊन-येऊन. कुठे गाय अडली, कुठे बैलाचं पोट फुगलं की हिला फोन येतो. गोठ्यात चहूकडून पुरुष, सगळे सल्ले देणारे, आणि मधोमध ही, खांद्यापर्यंत हातमोजा चढवून. वयाची बत्तीस वर्षं ओलांडली तरी हिचं लग्न जमत नव्हतं. स्थळं यायची, पोहे खायची, कामाचं तोंड भरून कौतुक करायची आणि निघताना चपला घालता घालता विचारायची, “लग्नानंतर नोकरी सोडणारच न?” शेवटी शेवटी तीच म्हणायला लागली, “आई, हे पोह्याच्या आधी विचारत जा. पोहे तरी वाचतीन.”

मग आर्णीचं स्थळ आलं. मुलगा पुण्यात इंजिनिअर, घरी कापडाचं दुकान. नोकरी सोडायची अट नाही. उलट मुलगा घरून काम करतो आणि यवतमाळकडेच राहायचं म्हणतो. फोटोत दाढी होती, चष्मा होता. मुलीनं तो फोटो पाहिला, बाजूला ठेवला आणि थोड्या वेळानं परत उचलून पाहिला. “माणूस समजदार वाटते,” म्हणाली. एवढंही ती आजवर कोणाबद्दल बोलली नव्हती. मी त्या एका वाक्यावर आठवडाभर हवेत होते. शाळेत पोरांना पाढे चुकले तरी रागावले नाही.

मुलाचे मामा वणीचे. कोळशाच्या ट्रकांचा धंदा, हात सढळ आणि आवाज त्याहून सढळ. त्यांनीच ठरवलं. “घरी-बिरी कायले? बायपासले नवा कॉकटेल बार उघडला, एकदम मुंबईसारखा. जेवन बी भारी आहे. पोरंपोरी मोकळे बोलतीन. मी सहा जनायचं बुकिंग करून टाकतो.”

ह्यांनी फोन ठेवला आणि जेवणाचं ताट दूर सारलं. “पोरगी दाखवाले बारमध्ये न्यायची?”

ज्यांनी हे स्थळ सुचवलं होतं ते ह्यांचे जुने मित्र. त्यांनी समजूत काढली. आता असंच असते, चांगले चांगले लोक जातात, आणि खाली फॅमिलीवालं सेपरेट आहे. त्या ‘सेपरेट’ शब्दावर हे विरघळले. पहिल्या खेपेला मुलाकडून पुरुषमंडळीच येतात, त्याप्रमाणे मुलगा, वडील आणि मामा असे तिघं येणार होते. आम्ही तिघं. रविवार, दुपारची वेळ.

वणीला पैसा आहे हे कोणी सांगायला नको. मारेगावहून निघालं की कोळशाच्या ट्रकांमागे गाडी रांगते, काचेवर काळी भुकटी बसते, आणि गावात शिरलं की एकाहून एक चकाचक शोरूम. मुलीनं मोतिया रंगाचा कुर्ता घातला होता. साडी नको म्हणाली, पण कुर्त्याला इस्त्री तिनं स्वतः केली, दोन्ही बाजूंनी. मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही. बोलले असते तर तिनं मुद्दाम चुरगाळून घातला असता.

बारच्या दारात एक काळ्या कपड्यातली मुलगी हातात टॅब घेऊन उभी होती. ह्यांनी मामांचं नाव सांगितलं. तिनं आमच्याकडे पाहिलं, म्हणजे नेमकं सांगायचं तर मला आणि लेकीला पाहिलं, आणि कानातल्या यंत्रात बोलली, “फॅमिली आहे.” ह्यांनी विचारलं, “पाहुणे आले का?”

“नाही सर, तुम्हीच पहिले.”

आणि आम्हाला खाली, काचेच्या भिंतीपलीकडे नेलं.

हे ‘फॅमिली’ प्रकरण मला नवीन नाही. लग्नानंतर हे मला पहिल्यांदा यवतमाळला हॉटेलात घेऊन गेले होते, तिथे फॅमिली रूम होती. प्लायवूडचं खोपटं, तेलकट पडदा, वर घरघरणारा पंखा. वेटर आत यायच्या आधी खाकरायचा, जसं काही आम्ही आत काय करत होतो. बाहेर मोकळ्या हॉलमध्ये खिडकीशी छान टेबल रिकामं होतं. मी म्हटलं तिथे बसू, तर हे म्हणाले, तिकडे जेन्ट्स बसतात. पुरुष नुसते आले की ती माणसं असतात, सोबत बाई असली की त्यांची फॅमिली होते आणि फॅमिलीला पडद्याआड टाकतात. इतक्या वर्षांनी पडद्याच्या जागी काच आली एवढाच काय तो फरक. काचेतून दिसतं सगळं, जाता मात्र येत नाही.

सोफा इतका खोल की त्यात बसलं की गुडघे छातीशी येतात. उजेड निळा. गाणं असं की ढोल आपल्याच फासळ्यांवर वाजतोय असं वाटावं. मेन्यू मागितला तर वेटर पोरानं टेबलावरच्या चौकोनी चिन्हाकडे बोट दाखवलं, मोबाइलवर उघडा म्हणे. ह्यांच्या मोबाइलवर ते उघडेना. माझ्यावर उघडलं, तर अक्षरं मुंगीएवढी आणि पेयांची नावं अशी की वाचूनही पेय आहे की रोग ते कळू नये. शेवटी लेकीनं आमच्यासाठी बिनदारूचं काहीतरी मागवलं. माझ्यापुढे बरणी आली, मुरंबा ठेवतो तसली. तिच्यात काठोकाठ बर्फ, वर एक जळकी काडी धूर सोडत. घोट घेतला तर अंबाडीच्या बोंडांचं सरबत! आमच्या परसात ती बोंडं वाळून जातात, कोणी पुसत नाही. किमतीचं मी बोलत नाही, माझं डोकं फिरतं.

पाहुणे येईनात. पाऊण तास झाला, तास होऊन गेला. ह्यांनी मध्यस्थ मित्राला फोन लावला. तो बंद. नंतर कळलं, ते शेतात कापूस मोजून घेत होते आणि फोन घरी चार्जिंगला. मग ह्यांनी मुलाच्या वडिलांना एक फोन लावला. रिंग वाजली, कोणी उचलला नाही.

“परत लावा,” मी म्हटलं.

“एकदा लावला न. त्यायले दिसनच.”

“अहो, नसन ऐकू गेला.”

“हे पाह्य,” हे खाली मान घालून म्हणाले, “पोरीवाल्यानं घडीघडी फोन केला की पोरगी जड झाली असं वाटते लोकायले. मी नाही लावत.”

हे एकदा असं म्हणाले की हलत नाहीत. लेक समोर बसून बरणीतला बर्फ काडीनं खाली दाबत होती आणि चेहरा असा ठेवला होता की जसं काही ही सगळी गंमत दुसऱ्याच कोणाची चालली आहे. पण तिनं तीनदा दरवाजाकडे पाहिलेलं मी पाहिलं होतं. मला वाटलं, उठावं आणि त्या गाण्याची वायर उपटावी.

शेवटी तीच उठली. “आई, वरती बी टेबलं आहेत असं दिसते. मी पाहून येते.” मीही निघाले. पाय आखडले होते, आणि खरं सांगायचं तर तिला एकटीला जाऊ द्यायचं नव्हतं.

जिन्याच्या तोंडाशी एक धिप्पाड माणूस उभा. त्यानं हात आडवा केला. “मॅडम, वर फक्त जेन्ट्स. लेडीज अलाउड नाही.”

“आमचे पाहुणे वर असतीन. नुसतं पाहून येते न भाऊ,” लेक म्हणाली.

“जेन्ट्स कोणी असन त त्यायले पाठवा.”

“जेन्ट्सचे डोळे वेगळे असतात का? एक मिनिट पाहाले काय होते?”

तेवढ्यात वरून एक तरुण मोबाइल बघत खाली आला. गुळगुळीत चेहरा, पांढरा शर्ट, हातात अर्धा ग्लास. आम्ही वाट अडवून उभ्या, म्हणून थांबला. काय चाललंय ते ऐकलं आणि अगदी हसतमुखानं म्हणाला, “मॅडम, काहून हुज्जत घालता? खाली फॅमिलीत बसा न शांत. तुमच्याच सेफ्टीसाठी आहे हे.”

“मी माझी सेफ्टी पाहून घेईन,” ती म्हणाली.

तो हसला. मग तिच्याकडे पाठ करून त्या माणसाला म्हणाला, “नको सोडू रे भाऊ. लेडीज वर आल्या की सगळी मजा जाते.” तो माणूसही हसला. तरुणानं बाहेर जाऊन गाडीतून काहीतरी आणलं आणि आमच्या बाजूनं, अंग चोरून, सभ्यपणे परत वर गेला. शिवी नाही, धक्का नाही. तक्रार करावी असं त्यानं काहीच केलं नाही, आणि माझ्या मात्र कानशिलात आग पेटली होती.

आम्ही परत येऊन त्या सोफ्यात रुतलो. ह्यांना लेकीनं एवढंच सांगितलं, “वर जाऊ देत नाहीत.” ह्यांनाच वर पाठवावं हे रागाच्या भरात आम्हा दोघींनाही सुचलं नाही. हे उठले. “चला घरी. मानूस म्हनून काही किंमत आहे का नाही आपली!” आणि त्यांनी बिल मागवलं.

मॅनेजर आला. वाकून विचारतो, “सर, वरचं पण यातच लावू का?”

“वरचं कोणतं?”

“तुमचं सहा जणांचं बुकिंग आहे ना सर. तीन वर बसलेत, तीन खाली.”

ते आमच्याही आधी आले होते. नुसते पुरुष, म्हणून बाजूच्या दारानं त्यांना वर नेलं, टॅबवाल्या मुलीला पत्ताही नाही. आमच्यात बायका, म्हणून आम्हाला खाली आणलं. एका बुकिंगची दोन टेबलं केली आणि कोणाला चुकूनही वाटलं नाही की या सहा माणसांना एकमेकांना भेटायचं असेल. वरच्यांचं वरच्यांकडे, खालच्यांचं खालच्यांकडे. मॅनेजर उलट म्हणतो, “पॉलिसी आहे सर.” मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शिक्षिका आहे मी.

मग मामांचा आवाज जिन्यावरून गडगडत खाली आला. “अरे काय राजेहो! आमी म्हनलं पोरीवालेच आले नाई! वर बसून तुमच्या नावानं बोटं मोडून राह्यलो!” मुलाचे वडील बडीशेप चघळत आले. त्यांनी ह्यांचा फोन पाहिला होता. “पन एकच मिसकॉल होता. म्हनलं, खरंच काम असन त परत करतीन. आता आम्ही मुलावाले, आमी कसा उलटा फोन करावा?” हे म्हणाले, “हो न, मी बी तेच म्हनलं!” आणि दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसले. दोघांनाही दुसऱ्याचं वागणं अगदी रीतीला धरून वाटलं. मला त्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

त्यांच्या मागून मुलगा आला. गुळगुळीत चेहरा, पांढरा शर्ट. दाढी आणि चष्मा पुण्यातच राहिले होते.

त्यानं लेकीकडे पाहिलं आणि त्याचं हसू ओठांवरच थांबलं. तिनं सरळ नमस्कार केला. तो समोर बसला, पाणी प्यायला, आणि थोड्या वेळात सावरला. हुशार मुलगा. जिन्यावरचं त्यानं काही काढलं नाही, तिनंही काढलं नाही. मोठी माणसं कापसाच्या भावावर आणि कोळशाच्या रस्त्यावर बोलत होती. त्यानं तिला कामाचं विचारलं, फिल्डवर एकट्या जाता का, रात्री-अपरात्री बोलावतात का. प्रश्न खरोखर चांगले होते. मग म्हणाला, “मला इंडिपेंडंट मुली आवडतात. बायकांनी सगळीकडे गेलं पाहिजे.”

“हो का,” ती म्हणाली.

परत येताना ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली तेव्हा तिनं ह्यांना जिन्यावरचं सगळं सांगितलं आणि म्हणाली, “बाबा, माझ्याकडून नाही.”

“एवढ्याशा गोष्टीवरून?” ह्यांनी एकदम मागे वळून पाहिलं. “त्याले काय मालूम तू आहे म्हनून! फोटो बी त्याच्याजवळ तुझा साडीतला, जुना!”

आणि मी, जिच्या कानशिलात आग पेटली होती, तीच मी त्याची वकिली करायला लागले. घेतली असेल थोडी, मित्रांत बोलतात तसं बोलला, घरात माणूस वेगळा असतो, नोकरीला नाही म्हणत नाही हे काय कमी आहे, असं कुठे दुसरं मिळणार. बोलत होते आणि माझाच मला राग येत होता. पण बत्तीस उलटलेली मुलगी घरात असली की बाईच्या तोंडून कोणीतरी वेगळंच बोलतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. “आई, मी कोण हे त्याले माहीत नव्हतं तेव्हा तो जे बोलला तेवढंच खरं आहे. मंग खाली येऊन बोलला तो बायोडेटा होता.” मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “मले बी वाईट वाटते आई. मले तो फोटो आवडला होता.” काळ्या काचेतून बाहेर काहीच दिसत नव्हतं, तरी मारेगावपर्यंत ती बाहेर बघत राहिली. मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आर्णीहून फोन आला. मुलगी पसंत. ह्यांनी ‘हो हो, मोठी आनंदाची गोष्ट’ म्हणत फोन माझ्या हातात कोंबला आणि हातानं खुणा करायला लागले, पत्रिका सांग, पत्रिका. आमच्याकडे नकार असाच देतात. कोणी कोणाला नाही म्हणत नाही, ग्रहच आडवे येतात. पण मी आदल्या दिवसापासून धुमसत होते. लेकीला खुणेनं बोलावून समोर उभं केलं.

“मुलीला मुलगा पसंत नाही,” मी म्हणाले.

मुलाचे वडील म्हणाले, “काहून?”

“तो जिन्यात भेटला होता तिला. काय बोलला ते त्यालाच विचारा.”

“थांबा,” ते तापले. फोन तसाच ठेवून मुलाला हाका मारत आत गेल्याचं ऐकू आलं. तेवढ्यात फोन कोणीतरी उचलला. हळू, दबका बाईचा आवाज.

“मी त्याची आई बोलते, ताई. काय झालं वो?”

मी सांगितलं. वर जाऊ देत नव्हते, लेक वाद घालत होती, आणि तुमचा मुलगा दारवानाला काय म्हणाला ते, अक्षर न् अक्षर. मला वाटलं होतं ती मुलाची बाजू घेईल. भांडायला मी पदर खोचूनच उभी होते.

“असंच म्हनला?” तिनं विचारलं. “मजा जाते म्हनला?”

“हो.”

“याचा बाप बी असंच म्हनते.” मग ती घाईघाईनं, आवाज आणखी खाली आणून बोलली, “पोरीनं बरं केलं, ताई. पन इथं तसं नका सांगू. पोरीनं नाही म्हनलं हे यायले सहन नाही होनार. दोघं बी मंग घरात माझ्यावरच निघतीन, का तूच पोराले बिघडवलं म्हनून. तुमच्या पाया पडते. पत्रिका जुळत नाही म्हना.”

मी काही म्हणायच्या आत पावलं वाजली आणि फोन तिच्या हातून गेला. “तो म्हनते काहीच झालं नाही,” मुलाचे वडील दरडावत म्हणाले. “काय ते साफ सांगा बाई, का नाही म्हनता?”

माझ्यासमोर लेक उभी होती. आयुष्यात एकदा तरी तिच्या वतीनं खरं बोलायचं मी ठरवलं होतं आणि तिनं ते ऐकावं म्हणून मुद्दाम तिला बोलावलं होतं. आता ती माझ्याकडे बघत होती.

“पत्रिका जुळत नाही,” मी म्हणाले.

“हां, असं सांगा न!” तो माणूस एकदम मोकळा झाला, हसलासुद्धा. “मले वाटलं, पोरगीच नाही म्हनून राह्यली.”